फौजेतून पेन्शनवर आलो आणि आता जखमी जवानांचं काम करतो: सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी मराठा लाइट इन्फंट्रीत १९ वर्षं काढली, हवालदार म्हणून पेन्शनवर आलो, गाव सातारा जिल्ह्यात, आता पुण्यात कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये काम करतो. पेन्शनवर येणारी पोरं, त्यांच्या घरचे, कधी कधी जखमी साथीदारांच्या बायका, म्हणजे आमच्या वहिनी, फोन करून तेच तेच विचारतात, त्यात चुकीचं काही नाही, मलाही हे सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय.

तुम्ही नेमकं काय करता? डॉक्टर आहात का?

नाही. मी टेक्निशियन आहे. पाय कसा असावा ते प्रोस्थेटिस्ट ठरवतो, तो शिकलेला आणि रजिस्टर झालेला माणूस असतो. मी त्याच्या हाताखाली प्लास्टरचं माप घेतो, साचा ओततो, घासतो, सॉकेट (उरलेला पाय ज्या वाटीत बसतो ती) ओढतो, जोडणी करतो. आणि दुसरं काम, जे माझ्या कामाच्या यादीत कुठंच लिहिलेलं नाही पण अर्धा दिवस त्यातच जातो, ते म्हणजे जखमी माणसाशेजारी बसणं, त्याचं युनिट कुठलं, पोस्टिंग कुठं होतं हे विचारणं, आणि तो जे डॉक्टरांना सांगत नाही ते ऐकून प्रोस्थेटिस्टच्या कानावर घालणं.

या कामात कसे काय आलात?

पेन्शनवर आल्यावर आठ महिने एका सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटीचं काम केलं. त्या कामाला नावं ठेवायची नाहीत मला, माझ्याबरोबरची कितीतरी माणसं तेच करून घर चालवतायत. मधे एकदा लग्नाच्या निमित्ताने मिरजेकडं गेलो आणि वाटेत माझ्या जुन्या सेक्शनमधल्या एका भावाकडं थांबलो. एलओसीवर पेट्रोलिंगला त्याचा पाय माईनवर (भूसुरुंगावर) पडला होता, स्ट्रेचरच्या एका टोकाला मीच होतो. त्याला पाय मिळालेला, चांगला मिळालेला, हे मला माहीत होतं. घरी बघितलं तर तो कुबड्यांवर, आणि पाय दाराच्या मागं खिळ्याला अडकवलेला, बुटासकट, वर धूळ. म्हटलं हे काय रे. तर म्हणाला, टोचतो, दोन वर्षं झाली घालत नाही. दोन वर्षं! परत पुण्याला जाऊन दाखवायचा कंटाळा, उसाची लागण, आईचं आजारपण, आणि खरं सांगायचं तर "मी एवढं सहन करू शकत नाही का" ही लाज.

मी त्याला सोबत घेऊन पुण्याला आलो, सॉकेट बदललं, तिसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर चहाच्या टपरीपर्यंत चालत आला. पाय तोच होता, फक्त वाटी नवीन. त्या दिवशी डोक्यात बसलं की हे काम आपण शिकायचं.

पण फौजी आहे म्हटल्यावर थेट घेतात ना?

नाही, आणि घेऊही नये. फौजेतली ओळख दार उघडते, जखमी माणूस तुमच्यावर लवकर विश्वास ठेवतो, एवढं खरं आहे. पण दाराच्या आत गेल्यावर काम हे शिकूनच करावं लागतं. हे मी सगळ्यात जोर देऊन सांगतो कारण चांगल्या मनाची माणसं इथंच चुकतात, त्यांना वाटतं इच्छा आहे म्हणजे झालं.

आपल्याकडं पुनर्वसनाच्या क्षेत्रातल्या व्यावसायिकांसाठी भारतीय पुनर्वास परिषद आहे, सगळे आरसीआय म्हणतात, १९९२ च्या कायद्याने बनलेली. प्रोस्थेटिस्ट, पुनर्वसन मानसतज्ज्ञ वगैरे म्हणून काम करायचं तर तिथं नोंदणी लागते. नोंदणीशिवाय काम करणं गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे कायद्यात. आणि शिक्षा राहू दे बाजूला, चुकीच्या सॉकेटने स्टंपला (कापून उरलेल्या पायाला) जखम झाली, त्यात डायबेटिस असला, तर पाय अजून वर कापायची वेळ येते.

कोर्स कोणता करायचा?

डिग्री म्हणजे बॅचलर इन प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स, सगळे बीपीओ म्हणतात (कॉल सेंटरवाला बीपीओ नव्हे). चार वर्षं आणि वर सहा महिने इंटर्नशिप, बारावी सायन्स लागतं. मुंबईत हाजीअलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, केंद्र सरकारची, १९५५ पासूनची, तिथं होतो हा कोर्स. ज्याची बारावी सायन्स आहे आणि घरी चार-पाच वर्षं थांबायची तयारी आहे त्याने नक्की विचार करावा. माझी दहावी, त्यामुळं मी वर्कशॉपला हेल्पर म्हणून लागलो आणि टेक्निशियनच्या कामापर्यंत आलो, सही प्रोस्थेटिस्टची असते आणि ते बरोबरच आहे.

सर्व्हिसमध्ये असाल अजून तर शेवटच्या टप्प्यात डीजीआर म्हणजे पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स मिळतात, यादी नीट वाचा, सगळेजण सिक्युरिटीचाच कोर्स भरतात कारण शेजारच्याने भरलेला असतो. ज्यांचे हात फौजेत ईएमईमध्ये (गाड्या-हत्यारं दुरुस्त करणाऱ्या शाखेत) वेल्डिंग-फिटिंगला बसलेत, किंवा जे नर्सिंग असिस्टंट होते, त्यांना आमच्याकडं फार लवकर जमतं.

४० व्या वर्षी शिकायला जमेल का?

जमतं. मी ३९ चा होतो. मला शिकवणारा पोरगा २४ चा, सुरुवातीला त्याला "सर" म्हणायला जीभ वळत नव्हती, मग वळली.

जखमी जवान म्हणजे सगळे लढाईतलेच का?

नाही, आणि हा गैरसमज काढून टाका कारण त्याने माणसं दुखावतात. माईनवाले आहेत, विशेषतः डिसेंबर २००१ पासून ऑपरेशन पराक्रमच्या वेळी, म्हणजे फौज पाकिस्तान सीमेवर नेऊन उभी केली तेव्हा, सीमेवर मैलच्या मैल माईन पेरल्या होत्या, पेरताना आणि काढताना बरेच जण जखमी झाले. एलओसीवर पावसाने, बर्फाने माती सरकते आणि माईन जागा सोडून खाली पायवाटेवर येते, तिला ड्रिफ्ट माईन म्हणतात, नकाशावर ती जागा साफ असते. सियाचीनवाले आहेत, हिमदंशाने बोटं गेलेले. पण त्याबरोबरच गाडी दरीत गेलेले, ट्रेनिंगमध्ये पडलेले, सुट्टीवर मोटारसायकलवरून पडून पाठीचा कणा गेलेले पण खूप आहेत. हा सुट्टीवाला माणूस सगळ्यात गप्प असतो. त्याला वाटतं आपल्याला गोळी लागलेली नाही, आपण कुठल्या तोंडाने मदत मागायची. त्याला तितकाच वेळ द्या. मी तर जास्त देतो.

पाय बसवणं म्हणजे नेमकं काय? माप घेतलं आणि झालं, असंच ना?

हाच प्रश्न मला आवडतो, जरा लांबण लागेल.

लोक पाऊल बघतात, जयपूर फूट आहे का, कार्बनचं आहे का, इंपोर्टेड आहे का. पण माणूस उभा राहतो तो सॉकेटवर, म्हणजे ज्या वाटीत उरलेला पाय बसतो तिच्यावर. त्या उरलेल्या भागाला आम्ही स्टंप म्हणतो. गुडघ्याखालचा पाय असेल तर आधी स्टंपवर पातळ ओला मोजा चढवतो आणि कॉपिंग पेन्सिलने खुणा करतो. गुडघ्याच्या वाटीची कड, तिच्याखालचा जरा दबणारा पट्टा, नडगीची धार, नडगीचं टोक, आणि बाहेरच्या बाजूला जो हाडाचा छोटा उंचवटा लागतो ना तो. मग वरून प्लास्टरची पट्टी गुंडाळायची आणि अंगठ्यांनी गुडघ्याच्या वाटीखाली दाबून धरायचं. प्लास्टर गरम होतं, माणूस दचकतो, त्याला आधी सांगून ठेवायचं. सुकल्यावर ते कवच ओढून काढलं की निळ्या-जांभळ्या खुणा आत उमटलेल्या दिसतात, त्यात परत प्लास्टर ओतलं की त्याच खुणा आतल्या ठोकळ्यावर येतात, म्हणजे त्या माणसाचा पाय टेबलावर उभा, खुणांसकट.

आता खरं काम. गुडघ्याच्या वाटीखालचा पट्टा वजन झेलू शकतो, म्हणून तिथलं प्लास्टर घासून कमी करायचं, म्हणजे सॉकेट तिथं घट्ट बसेल. तो बाहेरचा उंचवटा वजन झेलू शकत नाही, शेजारून नस जाते, म्हणून तिथं प्लास्टर चढवायचं, म्हणजे सॉकेटमध्ये पोकळी राहील. माझ्या भावाचा पाय दोन वर्षं खिळ्याला लटकला तो त्या उंचवट्यावर चार-पाच मिलिमीटर कमी जागा होती म्हणून. मी ते जुनं सॉकेट हातात घेऊन आतून बोट फिरवलं तर त्या जागी पॉलिश झाल्यासारखं गुळगुळीत लागलं, इतकं घासलं होतं हाडाने.

दुसरी गोष्ट, स्टंप बदलत राहतो. ऑपरेशननंतर सूज असते, ती उतरते, स्नायू आटतात, पहिल्या वर्ष-दीड वर्षात आकार बराच कमी होतो. म्हणून पहिलं सॉकेट सैल होणारच, त्यात कुणाची चूक नाही. मधल्या काळात मोजे वाढवत जायचं, जाड पातळ असे प्लायप्रमाणे मिळतात, सकाळी एक मोजा आणि संध्याकाळी दोन असं पण होतं. मोज्यांचा ढीग लागायला लागला की समजायचं नवीन वाटीची वेळ झाली. हे घरी जाताना प्रत्येकाला सांगा, लिहून द्या, बायकोला पण सांगा. खिळ्याला लटकलेले पाय मी त्यानंतर पण बरेच बघितले आणि बहुतेकांची गोष्ट हीच.

आणि तो माणूस करतो काय ते विचारा. शेतकरी असेल तर चिखलात जाणार, रात्रीचं पाणी द्यायला जाणार, अनवाणी देवळात जाणार, उकिडवं बसायचा प्रयत्न करणार. त्याला जयपूर फूट बरं पडतं, रबरी असतं, भिजलं तरी चालतं, बुटाशिवाय चालता येतं. महागडं इंपोर्टेड पाऊल त्याच्या बांधावर आठवड्यात खराब होईल.

पहिल्यांदा भेटायला गेल्यावर काय बोलायचं?

कमी बोला. "तू वाघ आहेस", "फौजी कधी हारत नाही" हे नको. मी हे केलंय म्हणून सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत एका पोराला, वय २६, चालायचा सराव करायच्या दांड्यांमध्ये मी उस्तादासारखं ओरडून ओरडून चालवलं, चल अजून एक फेरी, अजून एक. त्याने केलं, कारण हवालदार सांगतोय. संध्याकाळी मोजा काढला तर फोड फुटून रक्त, नंतर तीन आठवडे पाय घालता आला नाही. त्याने मला एक शब्द बोलला नाही, तेच जास्त लागलं. तेव्हापासून मी हुकूम देत नाही, विचारतो, कुठं लागतंय, दाखव, एक ते दहामध्ये किती.

गेलेल्या पायाचं बोट दुखतंय असं सांगितलं तर हसू नका. पाय नाही पण तळवा खाजतो, अंगठा मुडपल्यासारखा दुखतो, हे खरं असतं, त्याला फॅन्टम पेन म्हणतात. काही जणांना आरशासमोर चांगला पाय हलवून आराम पडतो, फिजिओथेरपिस्ट शिकवतात ते.

पाठीचा कणा गेलेल्यांसाठी काय काम असतं?

त्यांच्यासाठी खडकीत पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, १९७४ पासून, दुसरं मोहालीला. तिथं राहणारी माणसं व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात, काही जण तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात.

या कामात सगळ्यात मोठा दुश्मन बेडसोअर. कमरेखाली कळतच नाही, त्यामुळं खिशातलं पाकीट, चादरीची घडी, यानेसुद्धा जखम होते, आणि एकदा झाली की महिनोन् महिने पोटावर झोपून काढायचे. व्हीलचेअरवर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, झोपेत कूस बदलायची, रोज आरशाने मागची चामडी बघायची, गरम पाण्याची पिशवी कधीच नाही. तुम्हाला हे काम करायचं असेल तर लघवीची नळी, पोट साफ करणं याची घाण वाटून चालत नाही.

पेन्शनच्या कागदांत मदत करता का?

करतो, पण वकिली करत नाही. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) आणि मेडिकल बोर्डाचे कागद, हे तीन एका फाइलमध्ये आणि झेरॉक्स दुसरीकडं. मुख्य मुद्दा असतो तो दुखापत सर्व्हिसमुळं झाली असं बोर्डाने धरलंय की नाही, आणि टक्के किती. टक्के राउंड करायची पद्धत आहे, ५० च्या खाली असेल तर ५०, ५० ते ७५ ला ७५, त्याच्या वर १००, आणि हे कित्येकांना माहीतच नसतं. १०० टक्के असेल आणि बोर्डाने शिफारस केली असेल तर सांभाळणाऱ्या माणसासाठी वेगळा भत्ता असतो. सप्टेंबर २०२३ नंतर बाहेर पडलेल्यांचे नियम वेगळे आहेत, त्यामुळं गावातल्या जुन्या पेन्शनरच्या सांगण्यावर जाऊ नका, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. बोर्डाचा निकाल पटला नाही तर अपील करता येतं, पुढं सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, मुंबईत त्याचं खंडपीठ आहे. थकबाकीतला हिस्सा मागणाऱ्या एजंटाच्या हातात मूळ कागद कधीच देऊ नका. हात जोडून सांगतो.

मिस्टर कुणाशी बोलत नाहीत, रात्री दचकून उठतात, पितात. काय करू?

वहिनी, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि तुम्ही विचारताय हेच मोठं आहे. टेली-मानसचा १४४१६ नंबर आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, आणि फौजी कुटुंबांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत (फौजेच्या मेडिकल कॉलेजात) त्याचा खास कक्ष सुरू झालाय. तुम्ही स्वतः पण फोन करू शकता, त्यांच्यासाठीच पाहिजे असं नाही. ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) पॉलिक्लिनिकमधून मानसोपचार तज्ज्ञाकडं पाठवतात. जीवाचं बरंवाईट करायची भाषा असेल तर वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल. आणि आपल्यातलं कुणी म्हणालं की "फौजी माणसाला डोक्याचा डॉक्टर कशाला", तर मला फोन जोडून द्या, मी बोलतो त्यांच्याशी. मी पण गेलो होतो त्या डॉक्टरकडं, स्ट्रेचरवाली रात्र सारखी यायची म्हणून.

पुण्यातच एवढं का आहे सगळं?

जुनं आहे. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या जवानांना हातकाम शिकवायला १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघालं, नंतर ते खडकीला आलं, आजही अपंग जवानांना ट्रेड शिकवतात. आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ चं, दुसऱ्या महायुद्धातलं, तिथं पैसे भरून सिव्हिलियन लोकांना पण पाय मिळतो. पण काम करायला पुण्यातच यायला पाहिजे असं नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर, गावोगाव माजी सैनिक आहेत, जखमी पण आहेत, आणि त्यांना पुण्यापर्यंत घेऊन येणारा माणूस गावातच लागतो.

खेळाकडं वळवता येतं का?

येतं. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर बघा, ईएमईचे जवान, बॉक्सर होते, १९६५ च्या लढाईत गोळ्या लागल्या, आणि १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहून भारताचं पहिलं सुवर्ण आणलं. पद्मश्री मिळाली २०१८ ला, ४६ वर्षांनी. आत्ताचं उदाहरण होकाटो सेमा, नागालँडचे, २००२ ला माईनमध्ये पाय गेला, पुण्यातल्या बीईजी (बॉम्बे इंजिनिअर ग्रुप) सेंटरला वयाच्या ३२ व्या वर्षी गोळाफेक सुरू केली, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये १४.६५ मीटर फेकून ब्राँझ. पाय गेल्यापासून गोळा हातात घेईपर्यंतची १४ वर्षं बघा. म्हणून कुणाला उशीर झाला असं मी सांगत नाही. पण प्रत्येकाला मेडल पाहिजे असं पण धरू नका, काहींना फक्त पोरीला शाळेत सोडायला जायचं असतं.

मी ऑफिसर नाही, माझं कोण ऐकणार?

मेजर जनरल इयान कार्डोझो हे १९७१ ला पाय गेल्यावरही लढाऊ बटालियनची कमांड मिळवणारे पहिले ऑफिसर, आणि पेन्शननंतर तेच आरसीआयचे अध्यक्ष झाले, २००५ ते २०११. तितक्या वर बसून धोरण बदलायला तसा माणूस लागतो. पण बेडवरचा शिपाई साहेबासमोर पडल्या पडल्या सावधान होतो आणि म्हणतो सब ठीक है साब. माझ्यासमोर तो शिव्या देतो, रडतो, मग कुठं दुखतंय ते सांगतो. तिथं हवालदार, नाईकच लागतो.

पगार किती?

मला हातात १८ हजार पडतात, पेन्शन वेगळी. पेन्शन नसती तर एवढ्यात पुण्यात घर चाललं नसतं, हे स्पष्ट सांगतो, घरी बसून हिशोब करा आधी, वहिनींना विचारा. १५ वर्षं पुरी करून पेन्शन घेऊन आलेल्याला हे परवडतं.

सुरुवात कुठून करू?

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा की आपल्या तालुक्यात कोण जखमी माजी सैनिक आहेत ज्यांना कुणी भेटायला आलेलं चालेल. परवानगीशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही. एकाकडं जा, पाय दाराच्या मागं लटकलेला आहे का बघा, असेल तर का घालत नाही विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. चार-पाच महिने असं करून बघा, मग नोकरी-कोर्सचं ठरवा. आमच्या वर्कशॉपला यायचं असेल तर आधी फोन करून वेळ ठरवा, जेवून या आणि जुने कपडे घालून या, प्लास्टरचे डाग धुऊन जात नाहीत.